आधी मोटर ऐक

कोथरूड, पुणे
रविवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

गाडीच्या पुढच्या काचेवर धुवायचं पाणी येत नाही म्हणून गॅरेजवाल्याने ते फेकणारी मोटर नवीन टाकायला सांगितली, असं तू म्हणालास. थांब जरा. इतक्या जुन्या गाडीत मोटर जाण्याआधी बहुतेक वेळा पाण्याची वाटच बुजलेली असते. पाऊस तोंडावर आलाय. हायवेवर ट्रकच्या चाकांनी उडवलेला चिखल कोरड्या वायपरने पुसलास तर काचेवर अर्धगोल चरे पडतील, आणि रात्री समोरच्या दिव्यांत ते चरे चांगलेच छळतात. म्हणून हे काम या आठवड्यातच उरक.

चावी ऑन कर, इंजिन चालू करू नकोस. स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढायला गाडीत कुणाला तरी बसव आणि तू काचेच्या पाण्याच्या टाकीपाशी कान लाव. घुर्र असा आवाज आला तर मोटर जिवंत आहे, दोष पाण्याच्या बाजूचा. आवाजच नाही तर दोष विजेच्या बाजूचा. टाकीत पाणी घालूनच हे कर आणि एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त ओढायचं नाही. आतल्या पाण्यानेच ती मोटर गार राहते, कोरडी फिरवली की खरंच मरते.

आवाज येतो असं धरू. बॉनेट उघडून नळी जिथे दोन फाट्यांत जाते त्या टी-जोडापाशी सोडव आणि पुन्हा दांडी ओढायला सांग. तिथे जोरदार धार आली तर जेट, म्हणजे काचेवर फवारा मारणारी छोटी तोंडं, चोंदलेत. नाही आली तर मागे जा, मोटरच्या तोंडाची नळी काढून बघ. मोटरपाशी धार आहे आणि जोडापाशी नाही, म्हणजे मधली नळी फुटली, दुमडली किंवा उंदराने कुरतडली. तुमच्या पार्किंगमध्ये उंदरांची शक्यता आधी धर. मध्ये बोटाच्या पेराएवढा छोटा व्हॉल्व्ह असेल तर त्यावरचा बाण जेटकडे हवा. तो उलटा बसला की मोटर कितीही ओरडो, पाणी पुढे जात नाही. आणि तो व्हॉल्व्ह ढिला पडला की पाणी मागे उतरतं, मग दांडी ओढल्यावर दोन-तीन सेकंदांनी फवारा येतो.

जुनी नळी ओढून काढू नकोस. उन्हाने ती कडक झालेली असते आणि ओढताना जेटचं प्लॅस्टिकचं नाक मोडतं. ब्लेडने उभा छेद दे, सोलून काढ, टोक सेंटीमीटरभर कापून टाक आणि गरम पाण्यात बुडवून परत चढव. नळी बदलायचीच असेल तर आतून ४ मिलिमीटरची लागते, पण जुनीचा तुकडा दुकानात ने. माशांच्या टाकीची हवेची नळी मापात बसते, अडीअडचणीला चालते, पण इंजिनच्या उष्णतेने लवकर कडक होते. रबरीच घे. नाना पेठेत मिळेल.

जेटसाठी नळी सोडवून बारीक सुई बाहेरून आत घाल, हलक्या हाताने. भोक मोठं झालं तर फवाऱ्याऐवजी ओघळ येतो. मग बाहेरून आत हवा मार. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर वापरलास तर दाब अगदी कमी ठेवायला सांग. पांढरे खडे असतील तर ते क्षाराचे. तुमच्या वाघोलीत टँकरचं, बोअरचं पाणी टाकीत गेलं की हे होणारच. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून जेट काढून अर्धा तास त्यात ठेव, मग साध्या पाण्याने धू. रंगावर व्हिनेगर सांडलं तर लगेच पुसून घे.

मोटरच्याच तोंडाशी धार मंद असेल तर टाकीच्या तळाशी शेवाळ्याचा चिकट गाळ असतो, तो मोटरच्या जाळीत अडकतो. टाकी काढ, मूठभर जाड मीठ आणि थोडं पाणी घालून खळखळव, तीन-चार वेळा विसळ. तांदळाने घासायचा घरगुती उपाय इथे नको, एखादा दाणा आत राहिला की पुन्हा तीच रड. मोटर टाकीच्या भोकातल्या रबरी कड्यात, म्हणजे बुशात, नुसती दाबून बसवलेली असते, हलवत-हलवत वर ओढली की निघते. टाकी रात्रीत रिकामी होत असेल तर तो बुश कडक झालेला आहे. नवीन बुशाला साबणाचं पाणी लावून मोटर बसव.

आता आवाजच नसेल तर. आधी फ्यूज बघ, फ्यूजपेटीच्या झाकणावरच्या खुणा वाचून. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाल, मोठा कधीही नाही. फ्यूज ठीक असेल तर मोटरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढ, हिरवा गंज असेल तर घासून साफ कर. मग टेस्ट लॅम्पची, म्हणजे वायरी लावलेल्या तपासणीच्या दिव्याची, दोन टोकं कपलरच्या दोन्ही पिनांना लाव आणि दांडी ओढायला सांग. एक टोक गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, लावून तपासू नकोस, काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि दिवा फसवतो. दोन्ही पिनांमध्ये दिवा लागला आणि मोटर गप्प, तर मोटर खरंच गेली. दिवा लागलाच नाही तर दांडीतला स्विच किंवा वायर बघ, मोटर घेऊ नकोस. नवीन मोटर बसवल्यावर घुरघुरते पण धार लेचीपेची, तर वायरी उलट्या लागल्यात; अदलाबदल कर.

पाणी भरायचं ते डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात ते. दोन लिटरला अर्धा चमचा सौम्य शाम्पू, निरमा पावडर नको. पाणी शुद्ध करायच्या आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी तर मुळीच नको, क्षार त्यातच जास्त. कूलंटही घालू नकोस, काच तेलकट होते, आणि पुण्यात पाणी गोठायची काळजी नाही. टाकीच्या झाकणावरचं चित्र बघूनच ओत, शेजारची बाटली रेडिएटरची असते.

फवारा गाडी उभी असताना काचेच्या मध्याच्या थोडा वर लागला पाहिजे, वेगात वारा तो खाली दाबतो. जेटच्या भोकातला छोटा गोळा पिनेने फिरतो.

दांडी ओढल्यावर आवाज येतो की नाही, तेवढं आज रात्री फोनवर सांग. त्यावरून ठरवू, मी बुश आणू की नुसती नळी.

तुझी,
आई