फ्रीज रिकामा करून ठेवणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

'माझं नाव कुठेही घालायचं नाही,' असं तुम्ही बजावलं होतं. म्हणून मी केलेल्या, तुमच्या आवाजातल्या श्वास-ध्यानाच्या ॲपमध्ये ते नाही आणि या पत्रातही नाही. पण आभार मानू नकोस असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, तेव्हा ते चारचौघांत मानतो. परवा नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेतल्या मुलीचा निरोप आला. राज्यसेवेची तयारी करते. तिने लिहिलंय, 'रात्री पुस्तक मिटलं की हा आवाज लावते. घरातलं कुणीतरी शेजारी बसलंय असं वाटतं.' ते वाचल्यापासून राहवेना.

ॲप साधंच करायचं होतं. उघडायचं, तीन मिनिटं बसायचं, बंद करायचं. लॉगिन नको, मोबाइल नंबर विचारायला नको, नेट नसलं तरी चाललं पाहिजे. हिंजवडीच्या बसमध्ये अडकलेल्याला चालावं आणि अभ्यासिकेच्या जिन्यात दोन मिनिटं टेकलेल्यालाही. कोड लिहिणं माझं रोजचंच काम. घोडं अडलं ते आवाजापाशी.

तुमच्याकडे येण्याआधी एका स्टुडिओला आगाऊ पैसे दिले होते. त्यांचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि अंगाचा तिळपापड झाला. 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हणायचं आणि लगेच पुढचं वाक्य! मधली शांतता त्यांनी कापून टाकली होती. रिकामा वेळ कशाला ठेवायचा, म्हणे. ऐकणारा ज्यासाठी येणार, नेमकं तेच काढलेलं. दुरुस्ती मागितल्यावर फोन उचलणं बंद झालं. आणखी एका सल्लागार गृहस्थांचं म्हणणं, रोज वापरणाऱ्याला बक्षिसाचे बिल्ले द्या आणि एक दिवस चुकला की आठवण करून देणाऱ्या संदेशांचा मारा करा. परीक्षेच्या धास्तीने ज्या पोराची झोप आधीच उडालीय, त्याच्यामागे आणखी एक धास्ती लावायची? त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं.

तुम्ही मात्र मजकूर हातात घेतलात, चष्मा लावलात आणि शाळेतल्या वहीसारखा तपासलात. इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं केलेली असूनही तुम्ही मला उपदेश केला नाहीत. एवढंच म्हणालात, 'श्वास पाहणं वेगळं आणि श्वास संथ करणं वेगळं. दोन्ही एकात कालवू नकोस रे.' आनापानात, म्हणजे श्वास पाहण्याच्या ध्यानात, तो जसा चालू आहे तसाच पाहायचा, त्याला हात लावायचा नाही. धडधड शांत करायची असेल तेव्हा मिनिटाला साधारण सहा श्वास, आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. म्हणून आज ॲपमध्ये दोन निराळे भाग आहेत. मग तुम्ही विचारलंत, 'डोळे मिटल्यावर एखादीची घालमेल वाढली तर तिने काय करायचं?' सुरुवातीलाच येणारं 'डोळे उघडे ठेवलेत तरी चालेल' हे वाक्य तुमचं. आणि नुसतं श्वासावर ज्यांचं भागणार नाही, त्यांच्यासाठी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पहिल्याच पडद्यावर आहे, तोही तुमच्या आग्रहाने. केंद्र सरकारची ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

पण मला मुख्य सांगायचंय ते फ्रीजबद्दल.

पहिल्या चाचणी रेकॉर्डिंगमध्ये, बोलताना तुम्ही जिथे जिथे थांबलात त्या प्रत्येक थांब्यात फ्रीजची एक बारीक घरघर ऐकू येत होती. बोलणं चालू असताना ती जाणवत नाही, शांततेत लगेच उघडी पडते, आणि आपल्या ॲपमध्ये अर्ध्याहून जास्त शांतताच आहे. सॉफ्टवेअरने ती घालवता येते, पण सोबत स, श, ह ही अक्षरं पोकळ होतात आणि श्वासाचा आवाजही खरवडला जातो. तो तर आपल्याला हवाच होता. हे मी चहा पिताना सहज बोलून गेलो. त्यावर तुम्ही काहीच म्हणाला नाहीत.

पुढच्या खेपेला रस्त्यावर गाड्या सुरू व्हायच्या आत, पहाटे आलो. मे महिना, दारं-खिडक्या बंद, पंखाही बंद. तुम्ही पदराने मान टिपत बसला होतात. प्यायला पाणी घ्यावं म्हणून मी फ्रीज उघडला, तर आत दिवा लागला नाही. दूध नाही, दही नाही, भाजी नाही. आदल्या रात्रीच सगळं शेजारच्या वहिनींकडे नेऊन ठेवलं होतं आणि फ्रीजची पिन काढून टाकली होती. शिवाय प्रत्येक मजल्यावर जाऊन, उजाडेपर्यंत पाण्याची मोटर लावू नका, असंही सांगून आला होतात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, 'अरे, दूध नासलं असतं ना.' बस्स. जणू यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

काकू, पैसे घेऊन काम टाकून देणारी माणसं मी पाहिली होती. पैशाला हात न लावता, न सांगता, दुसऱ्याच्या कामाचा एवढा विचार करणारं माणूस समोर बसलेलं पाहिलं आणि घशात आवंढा आला. गॅलरीत गेलो तो त्यामुळे, माइकची वायर तपासायला नव्हे. आपल्याकडे मोठ्या देणग्यांच्या पाट्या लागतात. रात्री दुधाचं पातेलं झाकून शेजारी नेऊन ठेवणाऱ्या बाईची पाटी कोण लावणार? खरं तर अशाच माणसांच्या जिवावर आपली सगळी कामं उभी असतात. वाचनालयात वेळ संपल्यावरही दिवा चालू ठेवणारे शिपाईकाका, मुलगा जेवायला आला नाही म्हणून डबा झाकून ठेवणाऱ्या खानावळीतल्या मावशी. यांना कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यांनी केलं नाही तर कुणी विचारणारही नसतं.

त्या पहाटे तिसऱ्या थांब्यात एक कोकिळा ओरडली. मी कापायला निघालो, तर तुम्ही म्हणालात, राहू दे, तीही श्वासच घेतेय. ती राहिली आहे.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत केलंत, तेव्हा त्याबद्दल आता बोलत नाही. मात्र ऑक्टोबरमध्ये परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी एक नवा भाग करायचा आहे, आणि तो तुमच्याच आवाजात हवा. या वेळी दूध-दही शेजारी पोचवायला आदल्या रात्री मी येईन. हे ॲप कायम मोफत राहील, त्यात जाहिरात येणार नाही, हा तुम्हाला दिलेला शब्द इथे सगळ्यांसमोर पुन्हा देतो.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा मुलगा