मूर्तीचा नियम दिवाळीआधी ठरवा

माननीय संपादक, स.न.वि.वि.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणेशमूर्तींवर गेली पाच वर्षं पुष्कळ चर्चा झाली. खाडीचं पाणी, मासे, श्रद्धा, मंडळांच्या मूर्तींची उंची असं सगळं त्यात येऊन गेलं. मूर्ती ज्या कारखान्यात होते, त्या कारखान्याचं वर्ष कधी सुरू होतं आणि कधी संपतं, एवढीच गोष्ट तेवढी राहून गेली. नियम कोणताही असो, तो चुकीच्या महिन्यात आला की धंदा बुडतो. या वर्षी, 2025 मध्ये, नेमकं तेच झालं.

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत विसर्जन आटोपल्यावर महिन्याभरात साचे बाहेर निघतात. दिवाळीनंतर कच्च्या मूर्ती काढायला जोरात सुरुवात होते. गुढीपाडव्यापर्यंत वर्षाच्या मालाचा मोठा हिस्सा कच्च्या स्वरूपात मांडणीवर उभा असतो. एप्रिल-मेचं ऊन वाळवणीचं. परदेशातल्या मराठी मंडळांच्या मूर्ती जहाजाने जायच्या असतात, म्हणून त्या उन्हाळ्यातच पेटीबंद होतात. पावसाळ्यात रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. म्हणजे ऑगस्टमध्ये दुकानात दिसणाऱ्या मूर्तीचं भांडवल आदल्या नोव्हेंबरात गुंतलेलं असतं. कारागिरांना उचल तेव्हाच दिलेली असते, पतसंस्थेचं कर्जही तेव्हाच घेतलेलं असतं.

आता 2025 च्या तारखा या वेळापत्रकावर ठेवून पाहा. प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं मे 2020 मधली. त्यांची काटेकोर अंमलबजावणी करा, असा मुंबई उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश आला 30 जानेवारी 2025 रोजी. दोन दिवसांनी माघी गणेश जयंती होती. कांदिवली-चारकोप भागातल्या काही मंडळांच्या मोठ्या मूर्ती त्यानंतर कित्येक महिने विसर्जनावाचून झाकून ठेवाव्या लागल्या. पुढे राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडून अभ्यास करवून घेतला आणि 9 जूनला न्यायालयाने मूर्ती घडवण्याला मोकळीक दिली. नैसर्गिक जलस्रोतातल्या विसर्जनाचा प्रश्न तेवढा शिल्लक ठेवला. 24 जुलैला ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच, त्याहून उंच मूर्तींना समुद्र-नदीची मुभा. चतुर्थी होती 27 ऑगस्टला.

जानेवारीअखेर ते 9 जून हे 130 दिवस म्हणजे या धंद्याचा ऐन हंगाम. उरले 79 दिवस, तेही पावसाचे. त्यातही उंचीचा नियम कळला तेव्हा हातात 34 दिवस. पाच की सहा फूट, याची स्पष्टता नसताना साडेपाच फुटांचा साचा लावायचा की नाही, हे कारखानदाराने मार्चमध्ये कशाच्या आधारावर ठरवायचं?

काम थांबवणं म्हणजे नुसतं कुलूप लावणं नव्हे. प्लास्टरची गोणी दमट हवेत पडून राहिली की ओल शोषते. मग ते प्लास्टर नीट घट्ट होत नाही, मूर्ती साच्यातून काढताना कान आणि बोटं साच्यातच राहतात. रबरी साचे उन्हात, धुळीत पडून कडक होतात, त्यांना चिरा जातात. आणि सवयीचा कारागीर चार महिने थांबत नाही; तो दुसरं काम धरतो. जूनमध्ये परवानगी मिळाली, पण हात कुठून आणायचे?

‘मग शाडूच्या करा की’ असं सहज म्हटलं जातं. शाडूची मूर्ती चांगलीच आहे, घरगुती पूजेसाठी तीच असावी, असं आमचंही मत आहे. पण प्लास्टरच्या जागी माती ओतली की शाडूची मूर्ती होत नाही, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. प्लास्टरचा पातळ घोळ रबरी साच्यात ओतून, काथ्या लावून पोकळ मूर्ती काढतात. अर्ध्या तासाच्या आत ती घट्ट होऊन बाहेर येते आणि साचा लगेच पुढच्या मूर्तीला मोकळा होतो. शाडू ओतता येत नाही. ती कुटून, चाळून, भिजवून, मळून साच्यात हाताने दाबावी लागते. रबर पाणी पीत नाही, त्यामुळे माती त्याला धरून बसते आणि सुटताना फाटते. शाडूला साचा लागतो तो प्लास्टरचाच, कारण तो मातीतलं पाणी ओढून घेतो. काही मूर्ती काढल्या की हा साचाच ओला होतो आणि वाळेपर्यंत बाजूला ठेवावा लागतो. म्हणजे तेवढाच माल काढायचा तर साच्यांची संख्या कित्येक पट हवी. ज्याच्याकडे रबरी साच्यांनी भरलेली माडी आहे, त्याची सगळी मालमत्ता एका आदेशाने निरुपयोगी होते. बंदीच्या चर्चेत या साच्यांच्या किमतीचा उल्लेख आमच्या तरी पाहण्यात आलेला नाही.

पुढचा प्रश्न वाळवणीचा. फूटभर उंचीची शाडूची मूर्ती सावलीत आठ-दहा दिवस तरी हवी, पावसाळी हवेत त्याहून जास्त. थेट उन्हात ठेवली तर वरचा थर आधी आटतो, आत ओल राहते, आणि सोंडेच्या मुळाशी, हात खांद्याला जोडतो तिथे केसासारखी भेग पडते. ती भरली तरी रंगाखालून पुन्हा डोकावते. बारा इंची साच्यातली मूर्ती वाळून अर्धा-पाऊण इंच आटते, त्यामुळे वेगळा केलेला मुकुट नंतर बसत नाही. घाईने रंग दिला तर आतली ओल डाग होऊन वर येते. हे सगळं टाळायचं तर एकच उपाय: लवकर सुरुवात आणि भरपूर मांडणी. तीस दिवसांच्या मालाला पुरणारी प्लास्टरची शेड शाडूच्या तेवढ्याच मालाला अपुरी पडते. वजनही बरंच जास्त, म्हणून टेम्पोत थर कमी लागतात आणि भाडं वाढतं. दोन-अडीच फुटांच्या वर तर शाडू स्वतःच्याच भाराने त्रास देऊ लागते.

महापालिका आपल्या हद्दीतल्या मूर्तिकारांना शाडू मोफत देतात, मंडपाला जागा देतात. हे चांगलंच आहे. पण मुंबई, ठाणे, पुण्यात विकल्या जाणाऱ्या मूर्तींपैकी कितीतरी मूर्ती पेण तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या गावांत होतात, आणि तिथल्या कारखानदाराला ही मदत पोहोचत नाही. शिवाय माती हा खर्चातला लहान भाग. मोठा खर्च साचा, शेड आणि वेळेचा. गोव्यात प्लास्टरच्या मूर्तींना बंदी आहे आणि मातीच्या मूर्तीमागे मूर्तिकाराला सरकारी अनुदान मिळतं. मूर्तीच्या संख्येवर पैसे दिले की ते खरोखर मूर्ती करणाऱ्याच्या हातात पडतात. आपल्याकडे त्यावर विचार व्हायला हरकत नाही.

नियमांची भाषा प्रत्येक पालिकेत वेगळी असणं हीही मोठी अडचण. एका ठिकाणी विक्रेत्याकडून हमीपत्र, दुसरीकडे उंचीची वेगळी अट, तिसरीकडे मंडप परवान्याला जोडलेली शाडूची सक्ती. पेणच्या कारखान्यातून कच्ची मूर्ती निघते तेव्हा ती डोंबिवलीला जाणार की पिंपरीला, हे ठाऊक नसतं. मधला व्यापारी ठरवतो. प्लास्टरच्या मूर्तीच्या पाठीवर लाल खूण करायची, विक्रेत्याने नोंद ठेवायची, ही सूचना ऑगस्ट उजाडल्यावर आली. तोवर हजारो मूर्ती रंगून, कागदात गुंडाळून गाडीत चढल्या होत्या. ही खूण कच्च्या मूर्तीवर साच्यातूनच उठवता आली असती, फक्त आधी सांगायला हवं होतं.

विसर्जनाची बाजूही तयारीचीच आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या पद्धतीने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरच्या घरी प्लास्टरची छोटी मूर्ती विरघळवता येते. साधारण दोन दिवस लागतात आणि पाण्याचा खतासारखा उपयोग होतो. पालिकेने तिथे ही पावडर वाटलेलीही आहे. सगळ्याच शहरांत ती का वाटली जात नाही, कळत नाही.

आता मुख्य मागणी. 24 जुलैच्या आदेशाची मुदत मार्च 2026 पर्यंतची. पुढच्या वर्षी, 2026 मध्ये, अधिक ज्येष्ठ असल्याने चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, हंगामाला अठरा दिवस जास्त मिळताहेत. पण मार्चमध्ये पुन्हा नव्याने काही ठरणार असेल, तर अर्धा माल तोवर मांडणीवर आलेला असेल. सरकारने न्यायालयापुढे आपलं पुढच्या तीन हंगामांचं धोरण 2025 च्या दिवाळीआधीच मांडावं: घरगुती मूर्ती किती फुटांपर्यंत कोणत्या वर्षापासून शाडूच्याच, मोठ्या मूर्तींना काय, खूण कुठे आणि किती मोठी. एकदा ठरलेला नियम हंगामाच्या मध्ये बदलणार नाही, एवढी हमी त्यात असावी, आणि तो राज्यातल्या सगळ्या पालिकांना सारखा लागू व्हावा. शाडूचे साचे करायला घ्यायचे असतील तर ते काम दिवाळी ते मकरसंक्रांत याच काळात होतं, कारण नवा साचा वाळून वापरात यायलाच काही आठवडे जातात. नोव्हेंबरात कळलं तर जमेल, मार्चमध्ये कळलं तर 2026 चा हंगामही हातचा जाईल.

आपला,
एक वाचक, पेण (जि. रायगड)