सरांच्या खुर्चीचं काय करायचं?

प्रिय दिल्या,

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. माझा गुडघा आहे तसाच आहे, हिची शुगर आटोक्यात. फोनवर हे बोलायला गेलो तर तू मधेच तोडशील म्हणून लिहितोय.

ग्रुपमधली नवी पोरं सरांचं नाटक परत उभं करतायत. नाटकभर सर कोपऱ्यात खुर्चीवर बसायचे ना, तिथे मफलर गुंडाळून एका नटाला बसवायचं म्हणतात. मी नाही म्हटलं, तर म्हणे मग खुर्ची रिकामी ठेवू. तेव्हापासून झोप नाही. कारण ही आयडिया मीच त्यांना पोलंडच्या त्या नाट्यदिग्दर्शक कांतोरच्या गोष्टीतून दिलेली, आणि आता वाटतं आपल्याकडे ती लागू होत नाही.

मागे लेकीकडे क्राकोवला गेलो होतो तेव्हा व्हिस्तुला नदीकाठच्या क्रिकोतेकात, म्हणजे कांतोरच्या संग्रहालयात, जाऊन आलो. जुन्या वीजकेंद्रावर बांधलंय, २०१४ ला उघडलं. आत त्याच्या 'मृत वर्ग' नाटकाची ती बाकं. काळपट, साधी, आपल्या मराठी शाळेत होती तशीच. १९७५ ला क्राकोवच्याच एका तळघरात हे नाटक झालं. म्हातारी माणसं स्वतःच्या लहानपणाचे पुतळे पाठीवर घेऊन वर्गात परत येतात, आणि कांतोर स्वतः स्टेजवर उभा, काळ्या कपड्यात, हातानं नटांना पुढे ढकलतोय, थांबवतोय. सिनेदिग्दर्शक वायदानं दुसऱ्याच वर्षी ते कॅमेऱ्यात पकडलं म्हणून आपल्याला बघायला तरी मिळालं. तू तेव्हा म्हणालेलास की हे निव्वळ मिरवणं आहे, सरांचंही तेच. त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो! मला ते अजून पटत नाही. अरे, तो मुळात चित्रकार, समोरचं चित्र ओलं असताना चित्रकार बाजूला होईल का?

आणि माणसानं भोगलेलं काय काय. १९१५ चा जन्म, विएलोपोले नावाच्या गावात, पाद्रीबाबाच्या घरी. बाप पहिल्या महायुद्धावर गेला तो कुटुंबाकडे परतलाच नाही, पुढे १९४२ ला आउशविट्झच्या छळछावणीत मेला. जर्मनांच्या ताब्यातल्या क्राकोवमध्ये हा चोरून नाटकं करत होता, सापडला असता तर जीवच गेला असता. १९४४ मध्ये 'ओडिसियसचं पुनरागमन' केलं ते युद्धात मोडकळीला आलेल्या खोलीत, नेपथ्य म्हणजे चिखलानं माखलेलं गाडीचं चाक, सडकी फळी असलं काहीबाही, आणि ओडिसियस जर्मन शिपायाच्या मळक्या कोटात. भंगारातलं चाक नटाच्या बरोबरीनं उभं करायचं हे सर आपल्याला शिकवायचे ना, ते मी तिथे समजलो. युद्धानंतर कला अकादमीत प्रोफेसर झाला, पण सरकारी छापाची चित्रं काढेना म्हणून वर्षभरात काढून टाकलं. मग पोटासाठी मोठ्या थिएटरांची नेपथ्यं केली आणि १९५५ मध्ये स्वतःची नाटक कंपनी क्रिको-२ काढली. तू नेपथ्याला सुतारकाम म्हणायचास, तेव्हा हे माहीत असतं तर तुला तिथेच गप्प केला असता.

आता मुद्दा. १९९० च्या डिसेंबरमध्ये 'आज माझा वाढदिवस'ची तालीम करून घरी गेला आणि त्याच रात्री वारला. कंपनीनं जानेवारीत फ्रान्समध्ये तुलूजला प्रयोग केला, त्याची खुर्ची रिकामी ठेवून. पण दिल्या, ते नट त्याच्याबरोबर तालीम करून उठलेले होते! खुर्चीत कोण नाहीये हे त्यांच्या अंगाला माहीत होतं. आपल्या पोरांपैकी एकानंही सरांना बघितलेलं नाही. त्यांनी खुर्ची रिकामी ठेवली तर ती नुसती रिकामी खुर्ची दिसेल. तुझी एंट्री दोन सेकंद लवकर झाली म्हणून भर प्रयोगात सरांनी उठून तुझी कॉलर धरून तुला विंगेत परत नेलं होतं, आणि पब्लिकनं त्याला टाळ्या दिल्या, ते ह्यांना कुठून कळणार?

म्हणून माझं म्हणणं, आपण जुन्यांनी करायचं. तू, मी, ताई, शक्य तेवढे. पाठ सुटलेलं असेल, दम लागेल, चालेल. नाहीतर पोरांनी सरळ खुर्चीच काढून टाकावी आणि स्वतःचं नाटक करावं, मी सेट मनापासून करून देईन.

तुझ्या नातवाचे फोटो बघितले, गोड आहे, नाक तुझ्यावर गेलंय बिचाऱ्याचं. फ्लॅटचं मिटलं का? वहिनींना नमस्कार सांग.

पोरांना रविवारी उत्तर द्यायचंय. त्याआधी फोन कर, आणि येणार असशील तर तुझी जुनी संहिता शोधून ठेव, सरांनी पेन्सिलीनं खुणा केलेली. माझी पुरात गेली.

तुझा,
शऱ्या