झारला लेनिनने घालवले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात स्पर्धा परीक्षेच्या सदरात 'रशियातील झारशाही कोणी उलथवून टाकली?' असा प्रश्न होता आणि खाली उत्तर छापले होते, 'लेनिन'. माझी भाची परीक्षेच्या तयारीसाठी माझ्याकडे राहते. तिने ते कात्रण वहीत चिकटवले होते. मी पेन्सिलीने उत्तर खोडले, तर म्हणाली, "मावशी, पेपरात आलंय ना!" तिच्यासारख्या शेकडो मुलांच्या वहीत ते चिकटले असेल, म्हणून हे पत्र.

शेवटचा झार, म्हणजे रशियाचा सम्राट, निकोलस दुसरा याने राजत्यागाच्या कागदावर सही केली ती १५ मार्च १९१७ रोजी, प्स्कोव्ह स्थानकात उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या डब्यात. त्याच्या भावाने दुसऱ्याच दिवशी गादी नाकारली आणि १६१३ पासून चालत आलेली रोमानोव्ह घराण्याची सत्ता संपली. लेनिन तेव्हा झुरिचमध्ये होता. आमची पिढी कदाचित निर्णायक लढाया पाहायला जगणार नाही, असे त्यानेच जानेवारीत तिथल्या तरुणांसमोर बोलून दाखवले होते. तो पेट्रोग्राडला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत (आजचे सेंट पीटर्सबर्ग), पोहोचला एप्रिलमध्ये. नोव्हेंबरात बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, सत्ता घेतली ती झारनंतर आलेल्या केरेन्स्कीच्या हंगामी सरकारकडून. झार तर ऑगस्टपासून सैबेरियात टोबोल्स्कला कैदेत होता.

मग त्याला घालवले कोणी? पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी सुरुवात केली. दिवसभर कारखान्यात राबायचे आणि पहाटे-रात्री पावासाठी रांगेत उभे राहायचे, हा त्यांचा त्या हिवाळ्यातला दिनक्रम. देशात धान्य होते, पण महायुद्धाने रेल्वेची पार दैना केली होती, ते राजधानीपर्यंत पोहोचत नव्हते. त्यात रेशनिंग लागू होणार ही बातमी पसरली आणि दुकाने भराभर रिकामी झाली. पुतिलोव्ह कारखान्याने हजारो कामगारांना टाळे दाखवले. ८ मार्चला, महिला दिनी, व्हायबोर्ग भागातल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. बोल्शेविकांच्या तिथल्या कार्यकर्त्याने आदल्या रात्री त्यांना सबुरीचा सल्ला दिला होता. त्यांनी तो मानला नाही. नोबेल कारखान्यासमोर येऊन त्यांनी खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले आणि आतल्या पुरुषांना हाका घातल्या, काम थांबवा, बाहेर या! हे दृश्य मी वर्गात दरवर्षी सांगत असे, आणि मागच्या बाकांवरची मुलेही मान वर करून ऐकत.

दोन दिवसांत संप शहरभर पसरला. पुलांवर पोलीस होते, तर लोक गोठलेल्या नेव्हा नदीवरून चालत पलीकडे गेले. राणीने झारला पत्रात कळवले की ही गुंडांची चळवळ आहे, थंडी जास्त असती तर सगळे घरीच बसले असते. झारने मोगिलेव्हच्या लष्करी मुख्यालयातून तार केली, उद्याच्या उद्या दंगल मोडून काढा. ११ मार्चला रविवारी सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्या रात्री व्होलिन्स्की रेजिमेंटच्या बराकीत सैनिकांनी ठरवले की पुन्हा लोकांवर बंदूक रोखायची नाही, आणि सकाळी त्यांनी बंड केले. संध्याकाळपर्यंत हजारो शिपाई लोकांच्या बाजूला होते. झारशाही मोडली ती खरी तिथे. ही क्रांती रक्ताशिवाय झाली असे काही ठिकाणी वाचायला मिळते, तेही चूक आहे. त्या दिवसांतल्या मृतांपैकी दीडशेहून अधिक जणांना मार्सच्या मैदानात दफन केले, ती जागा आजही आहे.

हा घोळ तारखांमुळेही होतो. रशियाचे जुने कॅलेंडर १३ दिवस मागे होते. आपला ८ मार्च म्हणजे त्यांचा २३ फेब्रुवारी, म्हणून नाव 'फेब्रुवारी क्रांती'. आपला ७ नोव्हेंबर म्हणजे त्यांचा २५ ऑक्टोबर, म्हणून बोल्शेविकांची ती 'ऑक्टोबर क्रांती'. एकाच वर्षातल्या या दोन वेगळ्या क्रांत्या आहेत. पहिलीला कोणी एक नेता नव्हता, म्हणून ती चौकटीतल्या चार पर्यायांत बसत नाही. पण म्हणून ती दुसऱ्याच्या नावावर मांडायची का? त्या बायकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. निदान त्यांचे काम तरी त्यांच्या खात्यावर राहू द्या.

महिला दिनाच्या पुरवण्या आपण दरवर्षी काढता. महिला दिन आधीपासून होता, पण त्याची ८ मार्च ही तारीख जगभर पक्की झाली ती पेट्रोग्राडच्या या दिवसामुळे, हे त्यात यावे अशीही विनंती आहे.

दुरुस्ती मात्र त्याच सदरात, त्याच जागी छापावी. मुले बाकीचे पान वाचत नाहीत, तेवढाच चौकोन कापून ठेवतात.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा