‘हे वेगळे आहेत’ म्हणणाऱ्या मुलास

एडिसन, न्यू जर्सी
दि. २ डिसेंबर

चि. निनाद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगला तू घरी आला होतास, तेव्हा जेवताना तुझ्या मित्राने विचारले की कॉलेजच्या रेडिओवर तू काय काय वाजवतोस. तू म्हणालास, “मी सगळं ऐकतो, फक्त रॅप सोडून.” मग जरा थांबून दोन-तीन रॅपरांची नावे घेतलीस आणि म्हणालास, “पण हे वेगळे आहेत, यांचं म्हणजे खरं तर कविताच.” मी भात वाढत होते, म्हणून गप्प राहिले, पण त्या दोन वाक्यांतले दुसरे वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही.

सांगलीला मी गाण्याच्या क्लासला जात असे, तेव्हाची गोष्ट आहे. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात माझ्या मैत्रिणीने बैठकीची लावणी म्हटली आणि गुरुजी, जे एरवी लावणीचे नाव काढताच “ते फडावरचं इथे नको” म्हणत, ते खूश होऊन म्हणाले, “वा! ही लावणी वाटतच नाही, अगदी ठुमरी वाटते.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मैत्रिणीने मात्र मान खाली घातली, कारण तिची मावशी तमाशाच्या फडात गात असे आणि हे गाणे ती तिच्याकडूनच शिकली होती. गुरुजींनी तिचे कौतुक करता करता तिच्या मावशीला दाराबाहेर उभे केले होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. त्या टाळ्यांची मला आजही लाज वाटते.

तुझ्यासारखे इंडीचे, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या रॉकचे, चाहते ‘कॉन्शस’ (समाजाची जाण असलेले), ‘अल्टरनेटिव्ह’, ‘अंडरग्राउंड’ अशी विशेषणे लावून ज्या थोड्या रॅपरांना आत घेतात, त्या कौतुकाची जात मला हीच वाटते. रॅपमधले बायकांविषयीचे काही बोल मला असह्य होतात आणि ते मी झाकून ठेवणार नाही. पण तसे बोल रॉकमध्येही कमी नाहीत, आणि तिथे तू ते गाणे नाकारतोस, रॉक नाकारत नाहीस. रॅपमध्ये मात्र वाईट गाणे निघाले की तो रॅपचा स्वभाव ठरतो आणि चांगले निघाले की तो अपवाद ठरतो. या हिशेबात रॅपच्या पदरी कधी काही पडणारच नाही.

हे मी मनाचे सांगत नाही. कॅरी फ्राइड या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९९६ सालचा एक प्रयोग आहे. पोलिसाला गोळी घालणाऱ्या माणसाचे एक जुने लोकगीत, जे किंग्स्टन ट्रायो या गोऱ्या गायकांनी १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केले होते, त्याचे बोल त्यांनी लोकांना वाचायला दिले. काहींना ते रॅपचे म्हणून सांगितले आणि काहींना कंट्रीचे, म्हणजे इथल्या ग्रामीण वळणाच्या गाण्याचे, म्हणून. शब्द तेच होते, पण रॅप समजून वाचणाऱ्यांना ते अधिक आक्षेपार्ह आणि समाजाला अधिक धोकादायक वाटले. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तसाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही कल तोच निघाला. याची झळ नुसत्या आवडीनिवडीपुरती राहत नाही. सरकारी वकिलांनी रॅपचे बोल आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात मांडले आहेत, आणि त्याला आवर घालण्यासाठी कॅलिफोर्नियाला २०२२ मध्ये कायदा करावा लागला. लोकगीतातला खुनी हा कल्पनेतला माणूस आणि रॅपमधला खुनी म्हणजे गाणाराच, असे आपण कशावरून धरतो, याचा तू एकदा शांतपणे विचार कर.

ज्या ‘इंडी’ शब्दाचा तुला अभिमान आहे, तो मुळात मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र असण्याचा शब्द आहे ना? मग १९७९ साली रॅपची पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड काढणारी शुगर हिल ही कंपनी तरी कोण होती? आपल्याच राज्यातल्या एंगलवूडची, सिल्व्हिया रॉबिन्सन नावाच्या गायिकेने नवऱ्याबरोबर उभी केलेली छोटी स्वतंत्र कंपनी होती. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये टू शॉर्ट नावाचा रॅपर गाडीच्या डिकीतून स्वतःच्या कॅसेट विकत असे. डेफ जॅम या रॅपच्या नामांकित कंपनीची सुरुवात न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या होस्टेलच्या खोलीत झाली, आणि ती करणारा रिक रुबिन हा मुलगा स्वतः पंक बँडमध्ये वाजवत होता. कुंपण तेव्हा इतके उंच नव्हते.

तू गेल्यावर तुझे जुने हेडफोन लावून मी रोज रात्री थोडे थोडे ऐकते आहे. शब्द निम्मेही कळत नाहीत, म्हणून बोटांवर मात्रा मोजत ऐकते. खाली चार मात्रांचा ठेका लेहऱ्यासारखा फिरत राहतो आणि वर बोलणारा कधी मात्रेच्या किंचित मागे रेंगाळतो, कधी एका मात्रेत सहा-सात अक्षरे कोंबतो, आणि समेची जागा चुकली असे वाटत असतानाच यमक नेमके तिथे आणून ठेवतो. काल एका गाण्यात तर तोच शब्द तीनदा घेऊन तो पहिल्या मात्रेवर उतरला आणि माझ्या तोंडून एकटीच्या घरात “क्या बात है” निघाले. ही तिहाई तू सात वर्षे तबल्यावर घोटली आहेस, तेव्हा मला कळते ते तुझ्या कानाला कळत नसेल हे मला पटत नाही. तुझा कान तयार आहे, पण ऐकण्याआधीच निकाल लागलेला असतो.

नाताळात येशील तेव्हा एक दिवस माझ्यासाठी राखून ठेव. जिथून रॅपची सुरुवात झाली असे मानतात, म्हणजे १९७३ च्या ११ ऑगस्टला डीजे कूल हर्कने ज्या इमारतीत रेकॉर्डी लावून मुलांना नाचवले, ती ब्राँक्समधली १५२० सेजविक ॲव्हेन्यू आपल्यापासून गाडीने तासाभरावर आहे. जाताना तू गाणी लाव. ती निवडताना ‘वेगळे’ असलेले शोधू नकोस, तुझ्या वर्गातली मुले ऐकतात तीच आण आणि मला न कळणारे शब्द समजावून सांग. तबला मी गवसणीतून काढून तुझ्या खोलीत ठेवला आहे. डग्ग्याची शाई थोडी उडाली आहे, तेवढी येताना जॅक्सन हाइट्सच्या वाद्यवाल्याला दाखवून घेऊ.

थंडी वाढली आहे, कान झाकून फिरत जा.

तुझी,
आई