रविवारचं स्केचिंग: ओवळेकर वाडी

मंडळी, रविवारी सकाळी साडेआठला ओवळेकर वाडीच्या (फुलपाखरांची बाग) गेटवर या, घोडबंदर रोडला सकाळीसुद्धा ट्रॅफिक असतंच तेव्हा ठाण्यातून जरा लवकरच निघा. यावेळी फुलपाखरं आणि मधमाश्याच काढायच्या. ब्लू मॉर्मन दिसलं तर काळ्यावरचा तो निळा ट्यूबमधनं तसाच लावू नका, थोडा राखाडी मिसळा (आपलं राज्य फुलपाखरू आहे हो ते, २०१५ पासून!). ते एका जागी बसत नाही म्हणून आधी पेन्सिलने नुसते झटपट आकार घ्या, रंग नंतर. आणि प्लीज, परफ्यूम नको, माश्या चिडतात. अळ्या बघायच्या असतील तर लिंबाच्या पानांवर शोधा, पण हात लावू नका. सुट्टे पैसे, पाणी, टोपी आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका, नुसता अंगठा नको.