फ्रेम लावा, पण मूळ फोटो पुसू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज गंधमुक्ती, उत्तरकार्य, पुण्यस्मरणाच्या जाहिराती असतात. त्यातले फोटो जरा निरखून बघा, कित्येक फोटोंना घरूनच सोनेरी नक्षीची फ्रेम चिकटवून आलेली असते, बाजूने वेलबुट्टी, चारी कोपऱ्यांत फुलं, खाली दोन समया, आणि वरून जाहिरातीची चौकट वेगळीच, मग माणसाचा चेहरा मधे बोटाच्या पेराएवढा उरतो. वाढदिवसाचे बॅनर, लग्नाचे फोटो, कानबाईच्या रोटाला (आपल्या खानदेशातला कुळाचा सण) जमलेल्या भाऊबंदांचे ग्रुप फोटो, सगळीकडे आता हेच चाललंय. फ्रेम मलाही आवडते, चांगल्या नक्षीत माणूस शोभून दिसतो. पण ही फ्रेम लावता लावता मूळ फोटो कायमचा जातोय आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो, म्हणून हे पत्र.

भिंतीवरच्या लाकडी फ्रेमच्या खाचेत फोटोची कड थोडी दबते खरी, पण मागचे खिळे काढले की अख्खा फोटो परत हातात येतो. मोबाईलमधल्या फ्रेमचं तसं नाही. ती बहुतेक वेळा पीएनजी नावाच्या प्रकारची चित्राची फाईल असते, मधला भाग पारदर्शक, तीच फोटोवर ठेवतात. फोटोशॉपमध्ये १९९४ पासून लेअरची, म्हणजे एकावर एक थर ठेवायची सोय आहे, म्हणजे फोटो एका लेअरवर आणि फ्रेम दुसऱ्या लेअरवर, नको तेव्हा फ्रेम बंद करायची, फोटोला धक्का नाही. पण अॅपमध्ये फ्रेम लावून सेव्ह केलं की बहुधा जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाईल निघते आणि जेपीजीत लेअर नसतातच, सगळं एकात एक होऊन जातं, नक्षीखाली जे काही होतं ते त्या फाईलमधून गेलं म्हणजे गेलंच. शिवाय जेपीजी दर वेळी बदल करून सेव्ह केली की थोडी खराब होते, आणि फोटो कधी काढला ती तारीख फाईलच्या आत असते ती पण बऱ्याच अॅपमध्ये उडून जाते.

यात सगळ्यात वाईट हाल जुन्या फोटोंचे होतात. तो फोटो असतो उभा, फ्रेम निघते चौकोनी, नाहीतर स्टेटससाठी ९:१६, मग बसवायला फोटो झूम करतात आणि आजोबांचा फेटा वरून कापला जातो. ग्रुप फोटो असला तर कडेची माणसं जातात. आता जुन्या लग्नाच्या फोटोत कडेला कोण उभं असायचं ते आठवा, घरचा सालदार, विधवा आत्या, लांबून आलेला कोणी पाहुणा, यांचा दुसरा फोटो बहुतेक कुठेच सापडत नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोत खाली स्टुडिओचं आणि गावाचं नाव उठावाच्या अक्षरात असायचं, तेही त्या फुलांखाली झाकलं जातं, म्हणजे फोटो धुळ्यात काढला की अमळनेरला हे सांगणारा तेवढा एक पुरावा पण गेला. कोणी म्हणतं आता एआय आहे, फ्रेम काढून देतं. देतं, पण त्या जागी खांदा, कान, पदर हे सगळं ते अंदाजाने रंगवतं, तो आपल्या आजीचा पदर नसतो.

आपल्या चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) होऊन गेले, घरात टेबलावर वस्तू मांडून त्यांनी जे फोटो काढले त्यांना जगभरातून बक्षिसं मिळाली, त्यांचं ते घर आता संग्रहालय आहे, मुलांना घेऊन एकदा जाऊन या. फोटोत काय घ्यायचं आणि कड कुठे संपवायची हे फोटो काढणाऱ्याने ठरवलेलं असतं, ते तिथे गेल्यावर डोळ्यांना दिसतं.

आणि भुसावळला ज्यांची कबर आहे ते इंग्रज लष्करी अधिकारी आणि चित्रकार रॉबर्ट गिल, त्यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं बसून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. केवढं नुकसान. तरी पुढे दुसऱ्यांना परत नकला करता आल्या कारण मूळ चित्रं लेण्यात भिंतीवर होती. आपण मात्र फ्रेमवाली नकल जपून ठेवतोय आणि मोबाईलची मेमरी फुल झाली म्हणून मूळ फोटो डिलीट करतोय!

माझी फोटो स्टुडिओवाल्या आणि डीटीपीवाल्या बांधवांना हात जोडून विनंती आहे की जुना फोटो स्कॅन करायला आला तर पुठ्ठ्यासकट अख्खा स्कॅन करा, फोटो छोटा असेल तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करा, आणि गिऱ्हाइकाला फ्रेमवाल्या फोटोबरोबर बिनफ्रेमची फाईल पण पेनड्राईव्हवर द्या, दोन मिनिटांचं काम आहे. घरच्यांनी फ्रेम लावायच्या आधी फोटोची कॉपी करून घ्यावी आणि कॉपीलाच फ्रेम लावावी. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर तो लहान होऊन जातो.

आणि संपादक साहेब, तुम्हाला पण एक विनंती. जाहिरात घेताना तुमच्या काउंटरवरच्या माणसाने एवढंच विचारावं, बिनफ्रेमचा फोटो आहे का? ज्या घरी दुःख झालंय त्यांना त्या गडबडीत हे सुचत नाही, पण तुम्ही विचारलं तर कोणीतरी पोरगं कपाट उघडून मूळ फोटो शोधेल, आणि पेपरात चेहरा पण मोठा आणि स्वच्छ छापता येईल.

आपला,
एक नियमित वाचक,
पारोळा, जि. जळगाव